तुमच्या घरचा अडकित्ता सध्या कुठे आहे?

दिवाळीची साफसफाई करताना फडताळाच्या मागे आजोबांचा अडकित्ता सापडला. मुठी पितळी, त्यावर दोन मोर, पातं लोखंडाचं. आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी जेवणं झाली की आजोबा ओटल्यावर बसून सुपारी कातरत. काप इतका पातळ की फुंकरीने उडावा. शेजारच्या गुजराती मासी त्याला सूडी म्हणायच्या. आता मोरांना पॉलिश करून ते शोकेसमध्ये ठेवायचं घरात घाटतंय. मला काही ते पटत नाही. तुमच्याकडच्या अडकित्त्याचं काय झालं? की आता त्याने अक्रोड फोडता? लिहा.

रावपुरेकर: आमचा खास जामनगरचा. जामनगरच्या सूड्या नावाजलेल्या, म्हणून काकांनी माझ्या लग्नाची सुपारी फोडायला तोच काढला. सुपारी होती रोठा, पाती बोथट. काकांनी जोर लावला, सुपारी निसटली ती थेट व्याह्यांच्या चहात! ते हसले म्हणून निभावलं. शेवटी खलबत्ता आणला.

दोन मुलांची आई: धाकट्याला तरफेचा धडा होता. टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला. पाठ करण्यापेक्षा हातातच दिला. सुपारी बिजागरीकडे सरकवली की जोर कमी लागतो, हे त्याचं त्यानेच शोधलं. मग बोटही मध्ये घालून पाहिलं. एक टाका.

मांजलपूरकर: अक्रोडाला कशाला अडकित्ता? कागदी असेल तर दोन मुठीत धरून दाबायचे. एकच फुटतो, दुसरा साबूत. टणक असेल तर दाराची फट. (दार भाड्याचं नको.)

सुरसागरकाठी: भाचा जर्मनीत ड्रेस्डेनला शिकतो. तिथला नाताळचा बाजार १४३४ पासून भरतो म्हणे. तिथून त्याने अक्रोड फोडायचा लाकडी शिपाई आणला. लाल डगला, पांढरी दाढी, पाठीमागची दांडी उचलली की जबडा उघडतो. हे बाहुले जवळच्या एर्झगेबिर्ग डोंगरात होतात. खाणी आटल्या तसे तिथले खाणकामगार लाकूडकामाकडे वळले. भाचा हे कौतुकाने सांगत होता, तेवढ्यात सासऱ्यांनी शिपायाच्या तोंडात सुपारी घालून दांडी दाबली. जबडा हातात आला! आता फेविकॉलने चिकटवलाय. यंदा गौरींपुढे पहारेकरी म्हणून उभा होता, हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी त्यालाच बघत होत्या.

नवापुऱ्याची लेक: आमचा माळ्यावर आहे, आईने टाकला. बाबांना दिवसाला दहा-बारा सुपाऱ्या लागत. हळूहळू तोंड उघडेना, दोन बोटं जेमतेम जात. तंबाखू कधीच नव्हती, म्हणून आम्ही निर्धास्त. डॉक्टरांनी सांगितलं, नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच तसं जाहीर केलंय. सुपारी सुटली. पण रात्री जेवण झालं की बाबांचा उजवा हात मांडीवर अजून उघडमीट होतो.

पुण्याला सासर: केळकर संग्रहालयात अडकित्ते बघून या. घोडे, पोपट, काय काय. मी तासभर तिथेच रेंगाळले, नवरा बाहेर ताटकळत.

धागाकर्ती: नवापुऱ्याची लेक, वाचून आजोबांचे लाल दात आठवले. सुपारी नाही आणणार. पितळ चिंचेने घासलं, बिजागरीत खोबरेल सोडलं, आणि श्रीखंडावर घालायला बदाम कातरून पाहिले. काप पातळ पडतात. शोकेसचं रद्द.