माळ्यावर सापडलेले लुकासचे दिवे, स्मिथ्सचे मीटर आणि बिल्ला: अस्सल की नक्कल?

प्रश्न (गुहागर)
नमस्कार. माझ्या दिवंगत मामांकडे मुंबईत १९५२ सालची एमजी टीडी ही दोन आसनांची उघडी गाडी होती. गाडी केव्हाच विकली गेली. परंतु यंदा पावसाळ्याआधी घर शाकारताना माळ्यावरच्या पेटाऱ्यात लुकास या इंग्रजी कंपनीचे दोन फॉगलॅम्प (धुक्यात लावायचे दिवे), स्मिथ्स या इंग्रजी कंपनीचे स्पीडोमीटर आणि वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारमालकांच्या संस्थेचा मीना भरलेला बिल्ला सापडला. एक व्यापारी दिवे नकली असल्याचे सांगून सगळ्याचे मिळून १५,००० रुपये देऊ करतो आहे. दिव्यांची कडी हिरवट पडली आहेत आणि आई ती आमसुलाने घासायला निघाली आहे. अस्सलपणा घरच्या घरी कसा पाहावा?

उत्तर (रत्नागिरी)
आईंना आजच थांबवावे, ही कळकळीची विनंती. समईला आमसूल चालते, कारण ती भरीव पितळेची असते. या कड्यांवर मात्र पितळेवर निकेल आणि त्यावर क्रोमचा अतिशय पातळ थर असतो. आपली खारी हवा त्या थराच्या बारीक छिद्रांतून आत शिरते आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकावे तसे खालचे पितळ कळकते. अशा वेळी घासले की उरलेला मुलामाही निघतो. मी स्वतः एक कडे असेच पिवळेधमक करून बसलो आणि नंतर ते कोणी घेईना.

तो हिरवेपणा नीट पाहा. खरा गंज स्क्रूभोवती, सांध्यांत आणि पाणी साचते त्या खालच्या अर्ध्या भागात आधी धरतो; मीठ-व्हिनेगर लावून आणलेला सगळीकडे सारखा पसरलेला असतो. मग दिवा उलटा करा. लुकासच्या मालावर पुष्कळदा महिना आणि वर्ष यांचे आकडे ठोकलेले असतात. ठसा नसला म्हणजे वस्तू नकली ठरत नाही, पण आटे फारसे फसवत नाहीत. त्या काळच्या इंग्रजी दिव्यांचे छोटे स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या इंग्रजी मापाचे असत. २ बीए स्क्रू ४.७ मिलिमीटर जाड असतो, आजचा मेट्रिक मापाचा एम५ पूर्ण ५ मिलिमीटर. आट्यांचे अंतर जवळजवळ सारखेच असल्याने नजरेला फरक कळत नाही, परंतु एम५ स्क्रू २ बीएच्या भोकात जोर लावल्याशिवाय जात नाही. स्क्रू बदललेला असू शकतो. दिव्याच्या अंगातलेच आटे एम५चे असतील, तर मात्र शंका घ्यावी.

उत्तर (मालवण)
स्पीडोमीटरच्या तबकडीवर खाली बारीक आकडा असेल. एका मैलामागे केबलचे किती फेरे होतात, तो हा आकडा. तो गाडीच्या गिअरिंगशी जुळला, तरच ते मीटर त्या गाडीचे मानता येते. काच मात्र उघडू नये, कारण जुन्या काही मीटरांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असे.

उत्तर (वेंगुर्ले)
बिल्ल्यावरची संस्था १९१९ची आहे, त्यामुळे तिचे बिल्ले अनेक काळांतले मिळतात. जुना मीना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. तो नखाला गार आणि कडक लागतो व कडेच्या धातूशी सपाट मिळालेला असतो. नव्या नकलेतला प्लास्टिकसारखा रंग मध्ये किंचित फुगीर दिसतो. सगळे एकगठ्ठा विकू नये. दिवे लावलेल्या गाडीचा मामांचा एखादा फोटो किंवा नोंदणीचा कागद सापडला, तर त्याने किमतीत जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही पॉलिशने पडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता (गुहागर)
सर्वांचे मनापासून आभार. आईने आमसूल बाजूला ठेवले. एका दिव्याच्या मागे ‘९ ५८’ असा ठसा आहे आणि एम५ स्क्रू त्यात जाईना, २ बीए मात्र अलगद फिरला; म्हणजे दिवा खरा, पण मामांनी गाडीला नंतर लावलेला. दुसऱ्यावर ठसा नाही आणि त्याचे आटे एम५चे आहेत. व्यापाऱ्याचे निम्मे बरोबर होते. बिल्ल्याचा मीना कडेला सपाट आणि गार आहे. आता फोटोसाठी मामींचा जुना अल्बम मागवला आहे.