वर्तन-थेरपीच्या प्लॅनमधली उद्दिष्टं योग्य आहेत का, कसं तपासायचं?

प्रश्न
साडेचार वर्षांची स्वमग्न मुलगी, अजून बोलत नाही. प्लॅनमध्ये तीन उद्दिष्टं आहेत: (१) हाक मारल्यावर ५ सेकंद डोळ्यांत बघणं, १० पैकी ८ वेळा; (२) हात फडफडवणं पूर्ण बंद; (३) १५ मिनिटं खुर्चीत शांत बसणं. आठवड्याला २० तास सांगितलेत. होकार देण्याआधी काय बघायचं?

विशेष शिक्षिका
तासांचं नंतर. वर्तनशास्त्रज्ञ ऑग्डन लिंड्सली यांची एक जुनी कसोटी आहे: जे मेलेल्या माणसालाही जमेल, ते उद्दिष्ट नव्हे. हात न हलवणं, शांत बसणं, दोन्ही त्याला जमतं. म्हणजे (२) आणि (३) मधून मुलगी काहीच शिकत नाही. त्याऐवजी असं लिहून मागा: ‘पाणी, खाऊ किंवा झोका हवा असेल तर त्याचं चित्रकार्ड समोरच्याच्या हातात देते, कुणी हात न धरता, घरी आणि शाळेत, निदान ३ वेगवेगळ्या माणसांपाशी.’ न बोलणाऱ्या मुलीच्या प्लॅनमध्ये मागायला शिकवणारी एक ओळही नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

वर्तन-थेरपिस्ट
(२) सरळ काढायला सांगा. हात फडफडवल्याने कुणाला लागत नाही. बरीच मुलं आनंदात किंवा गोंगाटात स्वतःला सावरायला ते करतात. जबरदस्तीने थांबवलं तर त्याच्या जागी बोटं चावणंही सुरू होऊ शकतं.

डोकं आपटण्यासारखं काही असेल तर ते कमी करणं हे उद्दिष्ट जरूर घ्या. पण आधी कुठे दुखत तर नाही ना, यासाठी डॉक्टरांकडून कान, दात, बद्धकोष्ठता तपासून घ्या. मग ५ ते ७ दिवस वही ठेवा: वेळ, आधी काय घडलं, तिने काय केलं, त्यानंतर तिला काय मिळालं किंवा काय टळलं. ही नोंद न बघता ‘दुर्लक्ष करा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मणी ओवायला बसवल्यावर ती डोकं आपटते आणि आपण बाजूला होतो, तेव्हा तिची मण्यांपासून सुटका होते आणि आपटणं पक्कं होतं. तिथे ‘थांबूया’चं कार्ड शिकवावं लागतं, आणि ते दिल्याबरोबर, अगदी पहिल्या वेळेपासून, खरंच थांबावं लागतं.

संशोधक
नोंदींचा आलेख सुधारला म्हणून उद्दिष्ट बरोबर ठरत नाही. रेकर्स आणि लोव्हास या वर्तन-थेरपीतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये एका लहान मुलाचं ‘मुलीसारखं’ वागणं बदलल्याचा अहवाल छापला. नोंदी आणि बक्षिसं सगळी पद्धतशीर. पण त्या मुलाचं काही बिघडलेलंच नव्हतं. याच क्षेत्रातले मॉन्ट्रोज वुल्फ यांनी १९७८ मध्ये उद्दिष्ट, पद्धत आणि परिणाम या तिन्हींबद्दल संबंधित लोकांचं मत घ्या, असं मांडलं. इथे संबंधित म्हणजे आधी ती मुलगी. ती बोलत नसली तरी तोंड फिरवते, उठून जाते. तेव्हा तुम्ही काय करता, हे थेरपिस्टला विचारा. ‘धरून बसवतो’ असं उत्तर आलं तर सही करू नका.

(१) बद्दल: डोळ्यांत न बघताही ऐकता येतं. ‘हाक मारल्यावर वळते किंवा जवळ येते’ एवढं पुरे. रस्त्यावर गाडी येत असताना तेच उपयोगी पडतं.