रोजच्या कॅलरींचा नेमका आकडा कसा काढावा? (मदत हवी आहे)

अर्धी_भाकरी: नमस्कार. माझे वजन ६६ किलो आहे आणि मला ते कमी करायचे आहे. एका ॲपने रोजची गरज १,५९० कॅलरी सांगितली, तर दुसऱ्याने त्याच माहितीवर २,०५४. यातला खरा आकडा कोणता, एवढेच सांगावे. साखर सोडा, चालायला जा, हे सल्ले मला पाठ आहेत. कृपया ते नकोत.

त्रैराशिक: नुसत्या वजनावरून कोणीही आकडा सांगू शकणार नाही. वय, उंची आणि दिवसभराचे काम काय?

अर्धी_भाकरी: वय ३१, उंची १५७ सेंमी. सध्या घरीच असते. एका ॲपवर ‘बैठे’ निवडले आणि दुसऱ्यावर ‘मध्यम’, कारण दोन्ही लागू वाटले.

त्रैराशिक: म्हणजे माहिती ‘तीच’ नव्हती. दोन्ही ॲपे १९९० चे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरत आहेत. स्त्रियांसाठी किलोतील वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधील उंचीची ६.२५ पट, त्यातून वयाची पाचपट आणि आणखी १६१ वजा करायचे. तुमचे उत्तर १,३२५ येते. ही नुसते पडून राहिल्यावरची गरज. तिला बैठ्या दिनक्रमासाठी १.२ ने आणि मध्यम हालचालीसाठी १.५५ ने गुणले की तुमचे दोन्ही आकडे जसेच्या तसे मिळतात.

हिरवा_माठ: परदेशी सूत्रे कशाला हवीत? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठे काम करणाऱ्या भारतीय स्त्रीसाठी १,६६० कॅलरी सांगितल्या आहेत. विषय संपला.

त्रैराशिक: तो आकडा ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे.

दोनच_वेळा: कॅलरी मोजण्यात आयुष्य घालवू नका. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपा. माझ्या मेहुण्याचे वजन त्यानेच उतरले.

हिरवा_माठ: मेहुण्याचे वजन कोणी विचारले आहे?

माजघर: ताई, सहज विचारते, घरी असता म्हणजे नोकरी सोडली की रजेवर आहात?

अर्धी_भाकरी: बाळंतपणाची रजा आहे. बाळ चार महिन्यांचे आहे आणि केवळ अंगावर पिते. गणिताशी याचा काय संबंध, ते कळले नाही.

माजघर: अहो, सारा संबंध तिथेच आहे! दूध तयार करायला शरीराला ऊर्जा लागते. त्याच पोषण संस्थेच्या शिफारशीत पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२० कॅलरी जास्तीच्या धरल्या आहेत. दोन्ही ॲपांना हे ठाऊकच नव्हते.

त्रैराशिक: मग १,५९० धरून जेवणे तुम्हाला फार कमी पडेल. बाळाला घेऊन दिवसभर वावरणे १.२ मध्ये बसत नाही, १.३७५ धरले तर १,८२२ येतात आणि ६०० मिळवून सुमारे २,४००. माठसाहेबांचा आकडा घेतला तरी १,६६० अधिक ६०० म्हणजे २,२६०.

हिरवा_माठ: पाहा, माझा आकडा कामाला आला.

दोनच_वेळा: अंगावर पाजत असताना माझा उपाय करू नका, एवढे मात्र मान्य करतो.

आजीचा_बटवा: बाळंतिणीने अळिवाचे आणि डिंकाचे लाडू खावेत, कॅलरी मोजू नयेत.

माजघर: जरूर खावेत, पण मोजून. एक ग्रॅम तुपातून ९ कॅलरी मिळतात, तर पिठातील कर्बोदकांच्या एका ग्रॅमातून ४. ॲपवाले ‘एक लाडू’ लिहितात तेव्हा त्यातले तूप किती, हे त्यांनाही माहीत नसते. भाजीच्या फोडणीचे तेलही बहुतेक जण लिहीतच नाहीत.

अर्धी_भाकरी: ठीक. २,२६० की २,४००?

त्रैराशिक: सूत्र सरासरी सांगते, तुमचे शरीर नव्हे. तीन आठवडे २,२५० च्या आसपास जेवा आणि रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. सरासरी स्थिर राहिली तर तीच तुमची सध्याची गरज. त्यानंतर थोडे कमी करा. बाळाचे वजन नीट वाढते आहे ना, हे त्याच्या डॉक्टरांकडून तपासत राहा आणि कपात किती करावी, तेही त्यांनाच विचारा.

माजघर: बाळ वरचे खाऊ लागले की ६०० चे ५२० करायला विसरू नका. आणि थायरॉइड तपासले आहे का? तेही सांगायचे राहिले असेल.