सी७००० मध्ये डेटा आणि स्टोरेज एकाच मॉड्यूलमधून नेऊ की वेगळं ठेवू?

सर्व्हररूम_नाशिक:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आम्ही जुन्या रॅक सर्व्हरवरून ब्लेडवर (एकाच पेटीत सरकवायचे पातळ सर्व्हर) जातोय. रिफर्बिश्डमध्ये एचपी सी७००० चेसिस (म्हणजे ती पेटी) घेतली, १६ बे (खण) आहेत त्यातले १२ भरणार, सगळे बीएल४६०सी जेन८, वर ईएसएक्सआय (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर). इंटरकनेक्टला (ब्लेड बाहेरच्या नेटवर्कला जोडायला) दोन फ्लेक्सफॅब्रिक १०जी (सेकंदाला १० गिगाबिट) २४ पोर्ट मॉड्यूल, मागच्या बे १ आणि बे २ मध्ये. स्टोरेज ८जी फायबर चॅनल (एफसी, स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क), त्याचे सॅन स्विच दोन आहेत. लॅनला दोन १०जी स्विच.

आमच्या साहेबांचं म्हणणं की डेटा आणि स्टोरेज एकाच वाटेने नको, वेगळं मेझनाईन एचबीए कार्ड (ब्लेडमध्ये बसणारं स्टोरेजचं जास्तीचं कार्ड) घ्या. आणि सप्लायरचा माणूस म्हणतो एफसीओई (इथरनेटवरून फायबर चॅनल) वापरलं तर वरचे सगळे स्विच बदलावे लागतील कारण त्यांना लॉसलेस (पॅकेट न गाळणारं) इथरनेट लागतं. १२ कार्डं आणि बे ३-४ साठी दोन एफसी मॉड्यूल म्हणजे खर्च बराच वाढतो. कुणी केलंय का असं? मॉड्यूलमधून बाहेर स्विचला जाणाऱ्या अपलिंक किती लावायच्या हे पण सांगा.

रॅकवाला:
सप्लायरचं म्हणणं तुमच्या केसमध्ये लागू नाही. एफसीओई ब्लेडच्या अडॅप्टरपासून मॉड्यूलपर्यंतच असतं, म्हणजे चेसिसच्या आतल्या आत. मॉड्यूलच्या एक्स१ ते एक्स४ पोर्टमधून बाहेर साधं फायबर चॅनल निघतं आणि ते सरळ तुमच्या सॅन स्विचला लागतं, लॅन स्विचला त्याचा पत्ताही नसतो. सॅन स्विचवर एनपीआयव्ही मात्र चालू पाहिजे, कारण एकाच पोर्टवर सगळ्या ब्लेडचे डब्ल्यूडब्ल्यूएन (एफसीमधले पत्ते) लॉगिन होतात. ते बंद असेल तर अपलिंकच वर येत नाही आणि माणूस दिवसभर एसएफपी (केबलच्या टोकाचे ऑप्टिक मॉड्यूल) बदलत बसतो.

आता हिशोब करू. प्रत्येक १०जी पोर्टचे चार भाग पडतात, त्यातला एक एचबीए (स्टोरेजसाठी), बाकी तीन एनआयसी (नेटवर्कसाठी). समजा एचबीएला ४जी दिला आणि नेटवर्कला ६जी. १२ ब्लेड गुणिले ४ म्हणजे एका मॉड्यूलवर ४८जी स्टोरेज. त्याला दोनच ८जी अपलिंक लावल्या तर १६, म्हणजे मागणी आणि क्षमता तीनास एक. चारही लावल्या तर ३२, म्हणजे दीडास एक. नेटवर्कचे १२ गुणिले ६ म्हणजे ७२, दोन १०जी अपलिंक असतील तर २०, म्हणजे साडेतीनाच्या वर. दिवसा हे चालून जाईल, कारण सगळ्या ब्लेड एकदम कधीच ओढत नाहीत, पण बॅकअप रात्री एकाच वेळी सुरू होतो तेव्हा बघा. म्हणून मी एफसीच्या चारही लावा म्हणेन, केबल आणि एसएफपीचा खर्च कार्डांपेक्षा कितीतरी कमी आहे. आणि बॅकअपचे जॉब तासातासाने पुढेमागे करा, फुकटात फरक पडतो.

पॅच_पॅनेल:
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर घालतो कारण मी यात पोळलोय. दोन मॉड्यूलच्या अपलिंक मिळून एक एलएसीपी (अनेक लिंकची एक जोडलेली लिंक) होत नाही. प्रत्येक मॉड्यूलचा शेअर्ड अपलिंक सेट (अपलिंकचा गट) वेगळा करा, दोन्ही ॲक्टिव्ह राहू द्या, आणि ईएसएक्सआयवर टीमिंग (दोन पोर्टमध्ये ट्रॅफिक वाटायची पद्धत) ओरिजिनेटिंग पोर्ट आयडीवरच ठेवा, आयपी हॅश नको.

आणि स्मार्ट लिंक! प्रत्येक नेटवर्कवर चालू आहे का स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझ्या आधीच्या नोकरीत रात्री सव्वादोनला वरचा एक स्विच गेला. मॉड्यूलच्या त्या बाजूच्या सगळ्या अपलिंक पडल्या, पण ब्लेड आणि मॉड्यूलमधली लिंक तशीच वर, त्यामुळे ईएसएक्सआयला सगळं हिरवं दिसतंय आणि अर्ध्या व्हीएमना पिंग जात नाही. पाऊण तास आम्ही व्हीएमच्या आत फायरवॉल शोधत होतो. स्मार्ट लिंक चालू असती तर मॉड्यूलने खालची लिंक पण पाडली असती आणि व्हीएम आपोआप दुसऱ्या बाजूला गेल्या असत्या.

अजून एक, हे मॉड्यूल स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमधली लूप टाळायची व्यवस्था) भाग घेत नाही, तेव्हा वरच्या स्विचचे ते पोर्ट एज (टोकाचं उपकरण लागलेले) म्हणून ठेवा.

आयस्कझीप्रेमी:
१०जी आहेच तर एफसी कशाला, आयस्कझीवर (साध्या इथरनेटवरून स्टोरेज) या की. आमचे सगळे डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायच्या जागा) त्यावरच आहेत. फक्त एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० टोकापासून टोकापर्यंत पाहिजे, आणि तो ८९७२ बाइटचा पिंग डोन्ट-फ्रॅगमेंट (तुकडे करू नको) लावून तपासायचा, कारण आयपी आणि आयसीएमपी हेडरचे २८ बाइट वजा होतात. मधे एक जरी पोर्ट १५०० वर राहिला तरी छोटा पिंग जातो आणि डेटास्टोअर लटकतो, मग शोधत बसा. एलएसीपी नको, दोन वेगळे सबनेट आणि मल्टिपाथ (स्टोरेजपर्यंत एकाहून जास्त वाटा).

रॅकवाला:
@आयस्कझीप्रेमी नवीन स्टोरेज घेणाऱ्याला मीही हेच सांगितलं असतं, पण यांच्याकडे ८जी एफसी स्टोरेज आणि दोन सॅन स्विच आधीच चालू आहेत. ते टाकून देण्यात अर्थ नाही.

@सर्व्हररूम_नाशिक साहेबांची काळजी चुकीची नाही हो. पण त्यांना सांगा की डेटा आणि स्टोरेज वेगळं असण्यापेक्षा ए बाजू आणि बी बाजू वेगळी असणं जास्त महत्त्वाचं आहे. बे १ चे सगळे एफसी अपलिंक सॅन स्विच ए ला, बे २ चे सगळे बी ला, आणि या दोघांना जोडणारी एकही केबल नको. स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरचा एकेक पोर्ट ए ला आणि एकेक बी ला. झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसेल ते सॅन स्विचवर ठरवणं) करताना एका झोनमध्ये एकच इनिशिएटर (ब्लेडचा एचबीए). एक धोका उरतो तो मात्र त्यांना स्पष्ट सांगा, ब्लेडवरचे दोन्ही पोर्ट एकाच कार्डवर आहेत, ते कार्ड गेलं तर ती ब्लेड गेली. तेव्हा एचए (पडलेल्या ब्लेडच्या व्हीएम दुसरीवर सुरू करणारी सोय) चालू आणि एका ब्लेडइतकी जागा मोकळी ठेवा.

डब्ल्यूडब्ल्यूएन व्हर्च्युअल कनेक्टचेच (या मॉड्यूलचं सॉफ्टवेअर देतं तेच) वापरा. ब्लेड बदलली तरी प्रोफाइल (त्या ब्लेडच्या जोडण्या आणि पत्ते) नवीनवर लावली की झालं, झोनिंगला हात लावावा लागत नाही.

निळी_केबल:
ए आणि बी वरून आठवलं म्हणून लिहिते. आमच्याकडे ड्रॉइंगवर सगळं बरोबर होतं. रॅकमागे मात्र बे २ च्या दोन्ही केबल पण सॅन स्विच ए मध्येच लावलेल्या, आणि ज्याने लावल्या त्याने झोन पण ए वरच करून दिले. पाथ चार दिसत होते, चारही ॲक्टिव्ह, कुणाला शंकाच आली नाही. दोन वर्षांनी स्विच ए चं फर्मवेअर अपग्रेड केलं आणि रीबूटला सगळ्या होस्टचे सगळे पाथ एकदम गेले. तेव्हापासून मी ए च्या केबलला दोन्ही टोकांना लाल टेप लावते, बी ला निळी, आणि प्रॉडक्शन चढवायच्या आधी एकेक केबल हाताने काढून पाथ मोजते. नुसता पाथचा आकडा बघू नका, तो पाथ कुठल्या स्विचवरून जातो ते बघा.

सर्व्हररूम_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. साहेबांना हिशोब दाखवला, मेझनाईन कार्डं रद्द, एफसीच्या आठही अपलिंक लावतोय. स्मार्ट लिंक बघितलं, तीनपैकी व्हीमोशनच्या (चालू व्हीएम दुसऱ्या ब्लेडवर हलवायच्या) नेटवर्कवर बंद होतं, चालू केलं. आज पहिल्या दोन ब्लेडवर केबल काढून टेस्ट केली. बे २ च्या एफसी केबल काढल्यावर एका ब्लेडचे पाथ चारवरून दोनवर आले, दुसरीचे आधीपासून दोनच होते, ते दोनच राहिले. बघितलं तर तिच्या प्रोफाइलमध्ये बे २ कडचा एचबीए कुठल्याच सॅन फॅब्रिकला (एका बाजूच्या एफसी नेटवर्कला) जोडलेला नव्हता, मीच केलं होतं ते. उरलेल्या दहा प्रोफाइल उद्या एकेक उघडून बघतो आणि मगच झोनिंग करतो.