पासचं पाकीट सापडलं... घराजवळच्या नि ऑनलाइन वर्गांचे तुमचे अनुभव सांगा

रानजाई:
दिवाळीची आवराआवर चालू आहे. आज ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकचं पाकीट मिळालं. आत माझा कसारा ते ठाणे सेकंड क्लासचा तिमाही पास. शाई उडाली आहे, तारीख धड वाचता येत नाही. बाजूच्या खोलीत लेकीचा ऑनलाइन तास चालू होता, आणि मी पास हातात घेऊन जमिनीवरच बसून राहिले.

जायचे ८७ किलोमीटर, यायचे तेवढेच. साडेचारला उठायचं, डबा भरायचा, अंधारात स्टेशन गाठायचं. परतताना आसनगावपर्यंत उभी, नंतर जागा मिळाली की डोळा लागायचा. घरी आल्यावर पुस्तक उघडायची ताकद कुणाला असणार? २६ जुलै २००५ ला कल्याणला अडकले. रात्र फलाटावर काढली, दुसऱ्या दिवशी कशीबशी घरी. बाबा रागावले नाहीत, काही बोललेच नाहीत. पण पुढचा पास काढायला पैसे दिले नाहीत. एस. वाय. तिथेच राहिलं.

मग थेट एकतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठ. अभ्यासकेंद्र तालुक्याच्याच कॉलेजात, तास रविवारी, पुस्तकं घरी. लेक तेव्हा सहावीत. रात्री भांडी आवरली की दोघी एकाच टेबलावर. पदवी मिळाली त्या दिवशी बाबांना फोन केला, तेव्हाही ते फार बोलले नाहीत, पण संध्याकाळी पेढे घेऊन दारात उभे.

तुमचंही लिहा ना. जवळ शिकायला मिळालं म्हणून कुणाचं काय जमलं?

तिळगूळ:
रानजाई, वाचून पाणी आलं डोळ्यांत. माझंही आहे लिहिण्यासारखं पण कुकर लावलाय, येते मागाहून.

कोयनाकाठ:
आमच्याकडे लोकल नाही, एस.टी. २०२१ च्या दिवाळीत संप झाला तो एप्रिलपर्यंत चालला. विद्यार्थ्यांना पासात तिकिटाचा एक तृतीयांशच खर्च पडतो, पण गाडीच नाही तर पास काय करायचा? पुतणी वडापनं, म्हणजे खासगी शेअर जीपनं जायची. एका जीपमध्ये किती माणसं कोंबतात ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको. रोजचे जाऊन-येऊन पैसे बघता घरात कुरबुर सुरू झाली. तिच्या एका सरांनी स्वतःहून रात्री आठला मोबाईलवर अकाउंट्स शिकवलं, वर्ष संपेपर्यंत. घरात रेंज नाही, पोरगी गोठ्याच्या पत्र्यावर चढून बसायची, खाली आजी कंदील धरून. पास झाली. त्या सरांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

मोरपीस:
आजी कंदील धरून!! काय माणसं असतात.

हरभरा:
परभणी जिल्हा. इंजिनीअरिंग आमच्याच भागातल्या कॉलेजात केलं, एका विषयाला वर्षभर शिक्षक नव्हते. एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचा १२ आठवड्यांचा कोर्स लावला. दर आठवड्याला असाइनमेंट, त्यांचे मिळून २५ गुण, परीक्षेचे ७५. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, ते बरंच आहे, त्यामुळे प्रमाणपत्राला वजन राहतं. मला पटलेली गोष्ट म्हणजे व्हिडिओ थांबवता येतो. वर्गात सरांना चौथ्यांदा विचारायची हिंमत झाली नसती.

सांजवात:
मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. मला लोकलच्या डब्याची आठवण येते. बदलापूर ते दादर पाच वर्षं. महिलांच्या डब्यात भाजी निवडणं, वाढदिवस, एकीचं डोहाळजेवण सुद्धा. माझ्या नोट्स निम्म्या तिथेच झाल्या. आणि मी केमिस्ट्रीची, प्रयोगशाळा घरी कशी आणणार? टायट्रेशन हातानंच शिकावं लागतं.

रानजाई:
राग कसला सांजवातताई, खरंच आहे ते. प्रॅक्टिकलला जावंच लागतं. पण ते आठवड्यातून दोनदा असेल तर जमतं हो. रोजचे चार तास प्रवासात जातात, त्यातच मुली गळतात.

मोरपीस:
कसाऱ्याला उन्हाळ्यात पानांच्या द्रोणात करवंदं मिळायची, अजून मिळतात का?

रानजाई:
मिळतात! आणि जांभळंसुद्धा. मे महिन्यात या, घेऊन ठेवते.

तिळगूळ:
आले. वरण-भात झाला.
माझ्या आईचं लिहायचं होतं. शाळा सातवीत सुटलेली. अंगणवाडीत मदतनीस होती, लोकांच्या सह्या घ्यायची आणि स्वतःची करताना हात थरथरायचा. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम होता ना, दहावी-बारावी नसलेल्यांना पदवीला बसता यायचं, तो तिनं केला आणि मग बी. ए. केंद्र घरापासून चालत पंधरा मिनिटं. ते पंचवीस किलोमीटरवर असतं तर आजोबांनी सोडलंच नसतं, आणि ती स्वतःही गेली नसती. वर्गात निम्म्या बायका आईच्याच वयाच्या, एकमेकींना 'अगं' म्हणणाऱ्या. इतिहासाच्या पेपरच्या आदल्या रात्री मी तिला प्रश्न विचारत होते आणि ती भाकरी थापत उत्तरं देत होती. १९८९ साली हे विद्यापीठ काढणाऱ्यांनी 'ज्ञानगंगा घरोघरी' असं ब्रीद घेतलं, आमच्या घरी ती खरोखर चुलीपर्यंत आली.

कोयनाकाठ:
तिळगूळ, आईंना आमचा नमस्कार सांगा.

हरभरा:
एक विचारायचं होतं. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करता येतात, एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी ऑनलाइन. बहिणीला बी. एस्सी. बरोबर करायची आहे. कुणी केलंय का? झेपतं का?

सांजवात:
माझा भाचा करतोय. पहिल्या सहामाहीत परीक्षेच्या तारखा एकमेकींवर आल्या होत्या, आधी दोन्हीकडचं वेळापत्रक बघून घ्या म्हणावं. व्यक्तिगत निरोप पाठवते, त्याच्याशीच बोला.

तिळगूळ:
आईला वाचून दाखवलं सगळं. ती विचारतेय, गोठ्यावर बसणारी पोरगी आता काय करते?

कोयनाकाठ:
कराडला पतसंस्थेत लागली आहे. राहायला तिथेच.