मदत हवी आहे: बोगस विद्यापीठात भरलेली फी परत कशी मिळवावी?

पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६, कलम २२). बोगस गुणपत्रिकेवर होलोग्राम, शिक्का, बैठक क्रमांक सगळं खऱ्यासारखं असतं. नोकरीच्या पडताळणीत मात्र कागद बाद होतो आणि पोरांची उमेदीची वर्षं वाया जातात. अशा बोगस पदव्या देणाऱ्यांना याच कायद्याच्या कलम २४ चा दंड जास्तीत जास्त १,००० रुपये, हे फार चीड आणणारं आहे.

आधी पोलिसांत फसवणुकीची तक्रार करावी की ग्राहक आयोगाकडे जावं? पावतीवर फीऐवजी 'देणगी' लिहिलं असेल आणि पैसे एजंटच्या खात्यात गेले असतील, तर पुरावा म्हणून काय टिकतं? असे दावे चालवलेल्या वकिलांनी कृपया सांगावं.