तुमची 'अकिलीसची टाच' कोणती?

परवा लेकीच्या इंग्रजीच्या पेपरात 'अकिलीस हील' आलं. तिनं अर्थ लिहिला, 'टाच दुखणे'. अर्धा मार्कसुद्धा नाही! मग गोष्ट सांगितली. ग्रीक वीर अकिलीस तान्हा असताना आई थेटिसनं त्याला स्टिक्स नदीत बुडवलं. अंग अभेद्य झालं, पण तिनं धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली. ट्रॉयच्या युद्धात पॅरिसचा बाण बरोबर तिथंच बसला. "म्हणजे दुर्योधनाची मांडी!" इति लेक. तर मंडळी, आपापली टाच सांगा. अट एकच, बाकीचं अंग भक्कम हवं.
(सातारा)

सांगलीत हळदीच्या सौद्यात वीस वर्षं काढली. हळकुंड मोडलं की नुसत्या आवाजावर ओलं-सुकं सांगतो. पण उधारी मागायला जीभच रेटत नाही. समोरचा "देतो की दादा" म्हणतो आणि चहा मीच सांगतो.

गणित, इंग्रजी, स्वयंपाक, मला काहीच येत नाही. किती टाचा मोजू?
(मिरज)

मिरजकर, तुम्ही बाद! आधी भक्कम व्हा.
(धागाकर्ता)

माझी टाच खरोखरचीच. यवतेश्वरचा घाट पळत चढायचो, पण उतारावर पोटरीखाली सणक गेली. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ती जाड दोरी, तिला डॉक्टरही अकिलीसचंच नाव देतात. दोन महिने जिना चढताना कठड्याला धरून.
(सातारा, गोडोली)

एक शंकासुर पोस्ट. होमरच्या इलियडमध्ये ही टाच नाहीच! ते काव्य हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं, अकिलीस तोवर जिवंत. नदीत बुडवल्याची गोष्ट पुढे रोमन कवी स्टेशिअसकडे सापडते.
(कराड)

आमचं घर आजोबांनी बांधलेलं, दगडी, दीड हात रुंद भिंती. 2019 चा महापूर. दारात वाळूची पोती रचून आम्ही निवांत. रस्ता अजून कोरडा होता आणि न्हाणीत बुडबुड आवाज. मोरीच्या भोकातून कृष्णामाई वर येत होती! चिंध्यांचा बोळा कोंबला, तो बुचासारखा उडाला. आई म्हणाली, "पोथ्या उचला आधी." भिंतीचा एक दगड हलला नाही, घर मात्र आतून भरलं.
(सांगली, गावभाग)

मोरीची टाच एक नंबर!
(धागाकर्ता)

ते हळदवाले दादा कुठल्या गाळ्यावर बसतात? थोडी उधारी हवी होती.
(तासगाव)